रोजच्या अंतराएवढी बॅटरी

विजेवरची दुचाकी घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? विक्रेता शंभर सांगतो, समोरच्या दुकानात दीडशे सांगतात आणि ज्या गाडीचा आकडा मोठा ती चांगली, असे गिऱ्हाईक मनाशी धरून चालते. माझ्या मते हा प्रश्न नंतर यायला हवा. आधी विचारायचे ते असे, की घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत आणि परत, रोज आपल्याला जायचे असते किती? ज्यांचे हे जाणे-येणे दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे आणि जे एकटे जातात, त्यांनी मोठ्या बॅटरीची स्कूटर न घेता पायडलची, छोट्या मोटरची, बॅटरी काढून घरात नेता येईल अशी ई-सायकल घ्यावी, असे मला ठामपणे वाटते. हे मत एखाद्या खऱ्या गावावर घासून बघावे, म्हणून मी तंजावर निवडले आहे.

मराठी माणूस तंजावरला जातो तो बृहदीश्वराच्या आवारातला १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघायला, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय बघायला. गावातल्या रस्त्यांकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. पण रोजच्या प्रवासाचा विचार करायला हे गाव फार सोयीचे आहे. कावेरीच्या खोऱ्यातली सपाट जमीन, वल्लमकडे गेले तरच थोडी उंचावणारी. चढ म्हणून गावात काही असेल तर तो रेल्वेवरच्या पुलांचा. जुने गाव राजवाड्याभोवती, पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर अशा चार मुख्य रस्त्यांच्या चौकटीत वसलेले. या चौकटीचा आवाका केवढा? २०१५ मध्ये सुमारे शंभर वर्षांनी बृहदीश्वराच्या देवळाचा रथोत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हा माणसांनी दोरखंडाने ओढलेला रथ या चारही रस्त्यांना फेरी घालून त्याच दिवशी परत आला. नवे गाव मेडिकल कॉलेज आणि नव्या बसस्थानकाच्या दिशेने पसरले आहे. जुन्या बसस्थानकापासून नवे बसस्थानक चार-पाच किलोमीटरवर. २०१४ मध्ये महानगरपालिका होण्याआधी नगरपालिकेची हद्द होती साधारण ३६ चौरस किलोमीटरची, म्हणजे गाव वर्तुळाकार धरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सात किलोमीटरदेखील भरत नाहीत. राजवाड्यामागच्या बोळात राहून मेडिकल कॉलेजात नोकरी करणारी परिचारिका, दक्षिण मुख्य रस्त्यावरच्या दुकानातला हिशोबनीस, कलेक्टर कचेरीतला कारकून या सगळ्यांचे रोजचे अंतर आठ ते बारा किलोमीटरमध्ये बसते. तंजावर यात वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर विचारले होते आणि देशभरात बहुसंख्यांचे ते दहा किलोमीटरच्या आत निघाले.

आता विजेचा हिशोब. सपाट रस्त्यावर अधूनमधून पायडल मारत गेले तर ई-सायकलला किलोमीटरला साधारण १० वॉट-तास लागतात. विजेच्या स्कूटरला २५ ते ३५ लागतात. पेट्रोलचा हिशोब याच मापात केला तर एका लिटरमध्ये सुमारे ९,००० वॉट-तासांची ऊर्जा असते. स्कूटर लिटरला पन्नास किलोमीटर गेली तरी किलोमीटरमागे १८० वॉट-तास जळतात. पेट्रोल सोडून विजेवर येण्याचा फायदा सगळ्यांना ठाऊक आहे. विजेच्याच वाहनांत स्कूटरपेक्षा सायकल घेतली तर खर्च आणखी तिपटीने उतरतो, याची मात्र चर्चा होत नाही. रोज दहा किलोमीटर, दोन महिन्यांत पन्नास दिवस कामाचे, असे धरले तर पाच युनिट होतात. चार्जरमध्ये वाया जाणारे धरून सहा. तमिळनाडूत २०१६ मध्ये घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांच्या बिलातले पहिले १०० युनिट मोफत झाले. त्या शंभरात हे सहा युनिट शोधूनही सापडणार नाहीत. वीज शेवटी कोळशाचीच, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळू नये. देशाच्या जाळ्यातली वीज युनिटला सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते असे धरले, तरी ई-सायकलच्या दहा किलोमीटरांना ८०-८५ ग्रॅम पडतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या स्कूटरचे साडेचारशेच्या वर जातात.

पण माझा मुख्य मुद्दा विजेच्या बिलाचा नाही, बॅटरीच्या वयाचा आहे. लिथियमची बॅटरी दोन रीतींनी झिजते. एक झीज वापराची: भरणे-रिकामे होणे यांच्या आवर्तनांनी ती दुबळी होत जाते. दुसरी नुसत्या काळाची. कपाटात ठेवून दिली तरी ती होतच राहते, उन्हाने वाढते आणि बॅटरी सदा काठोकाठ भरलेली ठेवली तर आणखी वाढते. तीन युनिटांची बॅटरी असलेली स्कूटर रोज दहा किलोमीटर चालवली तर दिवसाला बॅटरीचा एक-दशांश भाग वापरला जातो. वर्षाला तीसेक पूर्ण आवर्तने होतात. तिच्या पेशी आठशे-हजार आवर्तने सहज सोसतात. म्हणजे कागदावर त्या पंचवीस-तीस वर्षे टिकायला हव्यात. तशा त्या टिकत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांवर जाणाऱ्या गावात, कचेरीसमोरच्या उघड्या पटांगणात उभ्या राहून त्या आठ-दहा वर्षांतच थकतात. गाडीच्या किमतीतला सगळ्यात महाग भाग बहुतांशी न वापरताच संपतो. याउलट ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तासांची सायकलची बॅटरी घ्या. त्याच दहा किलोमीटरांना ती वर्षाला ऐंशीच्या आसपास आवर्तने करते, आठ वर्षांत साडेसहाशे. वापर आणि वय साधारण एकाच वेळी संपतात. आपण ज्याचे पैसे मोजले ते आपण वापरले, असे इथेच म्हणता येते. शिवाय ही बॅटरी दोन-अडीच किलोंची असते. किल्ली फिरवून काढली, पिशवीत घातली आणि टेबलाखाली सावलीत ठेवली की उन्हाची झीज निम्मी टळली. स्कूटरची बॅटरी बहुधा सीटखाली नाहीतर पायांखाली पक्की बसवलेली असते, ती गाडीबरोबर उन्हातच राहते.

यावर पहिला आक्षेप येईल तो घामाचा. कावेरीकाठच्या दमट हवेत पायडल मारत कचेरीत जाणार कोण? आक्षेप खरा आहे आणि साध्या सायकलला तो पुरेपूर लागू पडतो. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जायला साधारण शंभर वॉट शक्ती लागते. माणसाचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाचेच काम करते, उरलेली उष्णता होते. चाकाला शंभर वॉट द्यायचे तर अंगात तीनशे ते चारशे वॉट उष्णता तयार होते, आणि हवेत ओल असली की घाम वाळत नाही, ती उष्णता अंगातच कोंडते. मोटरने सत्तर वॉट उचलले आणि पायांनी तीस, तर ही उष्णता शंभर-सव्वाशे वॉटवर येते, सावकाश चालताना होते जवळजवळ तेवढी. आणि वीसच्या वेगाचा वारा अंगावर असतो, जो चालताना नसतो. सकाळी कामावर जाताना मोटरवर भर द्यावा, संध्याकाळी घरी येताना पायांवर. एकाच वाहनात ही मुभा आहे. ती स्कूटरमध्ये नाही आणि साध्या सायकलमध्येही नाही. घेताना मात्र एक गोष्ट पाहावी. काही सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच मोटरला कळते आणि ती एकदम ढकलते. काहींत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो आणि मोटर तेवढ्याच बेताने साथ देते. दुसरी महाग पडते, पण गर्दीच्या बोळात तिचा धक्का बसत नाही.

वेगाचा आक्षेप मला तितका भक्कम वाटत नाही. कायद्याने २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोंपर्यंत वजन असलेल्या वाहनाला नोंदणी लागत नाही, चालवायला परवाना लागत नाही. पाच किलोमीटर पंचविसाने गेले तर बारा मिनिटे. चाळिसाने गेले तर साडेसात, पण पूर्व मुख्य रस्त्यावर सकाळी दहाला चाळिसाने जातो कोण? गर्दीत स्कूटरचीही सरासरी विसाच्या आसपास येते. उरलेली दोन-चार मिनिटे गाडी लावायला जागा शोधण्यात जातात, आणि तिथे सायकल पुढे असते. काही दुकानदार वेगाची मर्यादा काढून देतो म्हणतात. ते करू नये. मर्यादा काढली की कायद्याने ते मोटार वाहन होते आणि त्याला ना नोंदणी असते ना विमा. अपघात झाला तर सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर येते.

सुरक्षिततेचा आक्षेप याहून गंभीर आहे. तिरुच्चीच्या महामार्गावर बस आणि ट्रक जवळून जात असताना पंचविसाच्या वेगाने कडेने जाणे धोक्याचे आहे, आणि ई-सायकल घेतल्याने तो धोका कमी होत नाही. ज्यांची वाट रोज या महामार्गावरून दहा-बारा किलोमीटर जाते, तिरुमलैसमुद्रमच्या विद्यापीठात शिकवणाऱ्यांची जाते तशी, त्यांनी ही सायकल घेऊ नये. त्यांच्यासाठी बस आहे, नाहीतर स्कूटर. पण गावातल्या गावात कोर्टाच्या, शाळांच्या, नहराच्या कडेच्या रस्त्यांनी बहुतेक ठिकाणी पोचता येते, आणि तिथे साध्या सायकलच्या बारा-तेराच्या वेगापेक्षा विसाचा वेग रहदारीला अधिक जुळतो. पाय टेकून पुन्हा निघताना सायकल डगमगते तो क्षण सगळ्यात धोक्याचा असतो. त्या क्षणी मोटरचा आधार मिळतो. कायदा सांगो न सांगो, हेल्मेट घालावे आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

आणि प्रतिष्ठा? सायकल ही गरिबाची, असे अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. या समजुतीला तंजावरच्या शेजारच्या जिल्ह्याने फार पूर्वी उत्तर दिले आहे. पुदुक्कोट्टैमध्ये १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत, शीला राणी चुंकत कलेक्टर असताना, सायकल चालवायला शिकवणे हा मोहिमेचाच भाग झाला. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या: शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका. टोमणे मारणारे पुरुष होतेच. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे आणि त्यातला एक तपशील मला या विषयात फार मोलाचा वाटतो: अनेक बायकांना लेडीज सायकलपेक्षा जेन्ट्स सायकल हवी होती, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या आडव्या दांडीवर मूल बसवता येते. वाहन कसे असावे हे त्यांनी रोजच्या कामावरून ठरवले. पुढे तमिळनाडू सरकारने २००१-०२ पासून, आधी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना आणि नंतर सरकारी व अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना, मोफत सायकली दिल्या. ज्या बायका आज चाळिशीत आहेत आणि बँकेत किंवा शाळेत नोकरीला आहेत, त्यांतल्या कितीतरी जणींना सायकल येते. त्यांना नव्याने शिकायचे काही नाही. आपल्याकडेही हे वाहन परके नाही. १९७२ मध्ये पुण्याहून लूना निघाली, १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५०. पायडल असलेल्या, पन्नास सीसीच्या या हलक्या गाड्यांनी महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत लाखो शिक्षकांना, पोस्टमनना, दूधवाल्यांना कामाला नेले. लहान अंतराला लहान इंजिन पुरते, हे त्या पिढीला पटलेले होते. मधल्या काळात आपण ते विसरलो.

बॅटरीच्या आगीची भीती मात्र खरी आहे. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून वडील आणि मुलगी दोघेही गेले. त्या वर्षी अशा घटना एकामागून एक झाल्या, तेव्हा केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस १५६ हे मानक अधिक कडक केले. सायकल घेणाऱ्यानेही बॅटरी कोणत्या मानकाने तपासली आहे हे लेखी मागावे, आणि विक्रेता चाचपडू लागला तर दुकान सोडावे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि सहजी पेटत नाही; तंजावरसारख्या हवेला मी तीच पसंत करीन. शिशाच्या बॅटरीवरची स्वस्त वाहने घेऊच नयेत, वर्ष-दोन वर्षांत त्यांचा दम जातो. उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नये, अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्यावी. सगळे झोपल्यावर, दाराच्या वाटेत, चार्जिंग करू नये. ३६० वॉट-तासांची बॅटरी तीन-चार तासांत भरते. संध्याकाळी घरात माणसे जागी असताना ते उरकते. तीन युनिटांच्या बॅटरीला घरगुती प्लगवर बहुधा रात्र लागते, आणि लहान बॅटरीचा हाही एक गुणच आहे.

दुरुस्तीचे काय? ब्रेक, चेन, टायर, मडगार्ड यांना कोपऱ्यावरचा सायकलवाला पुरतो. मोटर बहुधा मागच्या चाकात असते, आणि पंक्चरला तिची अडचण होते असे म्हणतात. तर पुष्कळदा चाक न काढताच टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर घेता येते. चाक काढायचेच झाले तर आधी वायर बांधलेले प्लास्टिकचे बंध कापायचे, मग मोटरच्या वायरीचा जोड सरळ ओढून सोडवायचा, पिळायचा नाही. जोडावर बाण असतात, परत लावताना ते समोरासमोर आणायचे. मग आसाचे नट ढिले करायचे, ते साध्या सायकलपेक्षा मोठे, बहुतेक १८ च्या पान्याचे असतात. हा आस गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा असतो; काट्यात तो नीट बसला नाही तर मोटर जोर लावताच आस गरगरतो आणि वायर पिळून तुटते. चांगल्या कारागिराला हे एकदा दाखवले की पुरते. कंट्रोलर, डिस्प्ले आणि बॅटरी मात्र कंपनीचीच लागतात, तेव्हा सेवा केंद्र गावात आहे की तिरुच्चीला जावे लागते, हे पैसे देण्याआधी विचारावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे तंजावरचे पावसाचे महिने, आणि वादळाचेही. १६ नोव्हेंबर २०१८ ला गाजा चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, ओरत्तनाडूपर्यंतचा भाग झोडपला. विजेचे लाखभर खांब पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विजेच्या वाहनावर विसंबणाऱ्याला याहून मोठा प्रश्न विचारता येणार नाही. स्कूटरची बॅटरी संपली की शंभर-सव्वाशे किलोंचे ओझे ढकलत न्यावे लागते. बावीस किलोंची सायकल मोटर बंद असली तरी पायांनी चालते, जरा जड जाते एवढेच. आणि रस्त्यावर पाणी चढले तर दोघे जण मिळून ती तीन पायऱ्या चढवून ‘तिण्णै’वर, म्हणजे तिकडच्या जुन्या घरांच्या ओट्यावर, ठेवू शकतात.

हे सगळे सांगूनही काही जणांना ई-सायकल पुरणार नाही. दोन मुलांना शाळेत सोडून पुढे कामावर जाणाऱ्या आईला ती पुरत नाही. तिने स्कूटरच घ्यावी, पण दोन युनिटांची घ्यावी, चारची नको. ज्या बाईच्या दारावरून टाउन बस जाते तिने बसनेच जावे. २०२१ पासून तमिळनाडूच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, आणि त्याहून स्वस्त आणि सुरक्षित काही मी सुचवू शकत नाही. वर्षातून दोनदा कुंभकोणमला जायचे म्हणून मोठ्या पल्ल्याची गाडी हवी, असे म्हणणाऱ्याला मात्र मी रेल्वेचे वेळापत्रक दाखवीन.

माझी तक्रार आहे ती सरकारी धोरणाबद्दल. २०१९ च्या फेम-२ योजनेत दुचाकीला अनुदान मिळायचे तर पल्ला किमान ८० किलोमीटर आणि वेग किमान ४० असावा लागे, आणि अनुदान बॅटरीच्या आकारावर मोजले जाई. जेवढी मोठी बॅटरी तेवढी मदत अधिक. सायकलीला काहीच नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत सवलत जाहीर केली, तेव्हा हे करता येते एवढे तरी दिसले. वीस वर्षे शाळकरी मुलांना सायकली देणाऱ्या तमिळनाडूने हे सहज करावे, आणि सांगली-मिरज, परभणी, नांदेडसारखी सपाट गावे असलेल्या महाराष्ट्रानेही. अनुदानाला वेळ लागत असेल तर कलेक्टर कचेरी, मेडिकल कॉलेज आणि महानगरपालिका यांनी आपापल्या आवारात पत्र्याची सावली, सायकल बांधायला लोखंडी दांडी आणि चार प्लग एवढे यंदाच्या उन्हाळ्याआधी करून द्यावे.